पिवळ्या बोटांचे जयसिंगराव

चिकपेटेतल्या छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्यात जयसिंगराव शिरले ते चित्रं काढायला, आणि अडकले ॲसिडच्या खोलीत. अक्षर छापल्यासारखं होतं त्यांचं. पण ते रुजू झाले त्याच आठवड्यात ॲसिडवाला माणूस पळून गेला आणि मालक अप्पासाहेब म्हणाले, "स्वल्प दिवस सांभाळ रे, मग चित्रांचं टेबल तुझंच." त्या स्वल्प दिवसांत जयसिंगरावांचं लग्न झालं, दोन मुलं झाली, कानाजवळचे केस पिकले. दर आयुधपूजेला अप्पासाहेब ॲसिडच्या तबकाला कुंकू लावत, जयसिंगरावांच्या हातावर पेढा ठेवत आणि म्हणत, पुढच्या वर्षी नक्की. माणूस गोड होता, हीच तर पंचाईत.

काम तसं सरळ. जस्ताच्या पत्र्यावर शाईने चित्र उमटवायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. शाईखालचं जस्त वाचतं, बाकीचं ॲसिड खातं, चित्र तेवढं वर उरतं. तबक हलवत राहायचं, बुडबुडे पिसाने सारायचे आणि धूर मुकाट्याने गिळायचा. बोटं पिवळी पडली ती लिंबाने जाईनात, चिंचेने जाईनात. कातडीच सोलून निघाली तर निघायची, आणि खालची नवी कातडी पुन्हा पिवळी व्हायची.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात कैतुत्तूची रीत होती. सारभात मोठ्या पातेल्यात कालवायचा, मुलांना भोवती बसवायचं आणि एकेकाच्या तळहातावर घास ठेवत जायचं. जयसिंगरावांचे वडील, अण्णा, रविवारी हे स्वतः करत. जयसिंगरावांनी पोरांना एकदाही घास दिला नाही. आपल्या बोटांतून पोटात काय जाईल, या धास्तीने ते स्वतःही चमच्याने जेवत.

"धुतलेत की हात, सरी झालं," कस्तुराबाई म्हणायच्या. "अण्णा देत होते तसं एकदा द्या की मुलांना."

"ॲसिडमधून सुटलो की पहिल्या दिवशी मीच देईन," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. बायकोने ते मनात जपून ठेवलं होतं.

एकसष्ट साली राजाजीनगरात मीटर बनवणारा एक नवा कारखाना निघाला. तिथे तबकड्यांवरचे आकडे रेखायला माणूस हवा होता. जयसिंगरावांच्या अंगात वारं भरलं. मुलाखतीच्या सकाळीच त्यांनी अप्पासाहेबांना उद्यापासून येत नाही म्हणून सांगून टाकलं. अप्पासाहेबांनी दुपारच्या आत दुसरा माणूस तबकापाशी उभा केला.

मुलाखतीत आकडे असे उतरले की स्वतः जयसिंगरावच बघत राहिले. तेवढ्यात मोठे इंजिनिअर सुधींद्रराव आत आले. जयसिंगराव हात पाठीमागे बांधून उभे राहिले. सुधींद्ररावांनी कागद मागितला, आणि मोठ्या माणसाला कागद एका हाताने द्यायचा नाही हे वळण आडवं आलं. दोन्ही हात पुढे झाले.

सुधींद्ररावांनी आकड्यांवरून नजर उचलली ती बोटांवर ठेवली.

"नायट्रिक ना हे? अहो, मग ड्रॉइंगवर कशाला? ड्रॉइंगची माणसं दारात उभी आहेत. एचिंगची, ॲसिडची खोली सांभाळणारा मिळत नाही."

जयसिंगरावांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. सुधींद्रराव जर्मनीत शिकून आलेले, शिवाय मनासारखा माणूस सापडल्यामुळे खुशीत.

"एचिंगचा मूळ अर्थ ठाऊक आहे? इंग्रजांनी शब्द घेतला डचांकडून, डचांनी जर्मनांकडून. मुळात तो खाण्याचा शब्द. दुसऱ्याला खायला लावणं, खायला घालणं. ॲसिडला धातू चारायचा, म्हणून एचिंग."

ते हसले. साहेब हसले म्हणून जयसिंगरावही हसले आणि एचिंगच्या नेमणुकीवर सही करून बाहेर पडले. परतायला चिकपेटेतली जागाही उरली नव्हती.

कस्तुराबाई दारातच होत्या. "झालं का?"

"झालं. नोकरी मिळाली."

कुठल्या खोलीत ते न सांगता त्यांनी चपला काढल्या. ॲसिड सुटलं असंच धरून कस्तुराबाईंनी आत पाट मांडला आणि कालवलेल्या सारभाताचं पातेलं पुढे ठेवलं. कमला आणि धाकटा हयवदन तळहात पसरून केव्हाचे बसले होते.

जयसिंगराव पाटावर बसले. इतकी वर्षं आपण ॲसिडला खायला घालत आलो आणि घरच्यांना तेवढं नाही, हे त्यांच्या मनात आलं. कमलाने हात आणखी पुढे केला. जयसिंगरावांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"आजही तूच दे," ते बायकोला म्हणाले.