दोघींच्या बाटल्या

"खरं सांगा भाऊ, पण हळू सांगा." पोरींच्या डोळ्यांचा नंबर तपासून झाला, की त्यांचे वडील माझ्या कानाशी वाकून एवढंच म्हणायचे. पोरी समोरच्याच बाकावर बसलेल्या असायच्या. परभणीतलं माझं चष्म्याचं दुकान ते केवढं, त्यात हळू बोललं काय नि मोठ्यानं बोललं काय, सारखंच.

पालमकडच्या एका गावात त्यांच्या शेळ्या-मेंढ्या होत्या. त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की फ्रेम निवडताना मला घाम फुटायचा. उजवा डोळा कधीच गेला होता. आतला पडदा सुटला आणि ते कळेपर्यंत उशीर झाला. डावा कसाबसा काम देत होता. दारातून आत येतानाच ते मला "भाऊ, वाळलात लय" म्हणायचे. माझं पोट पाहिलेल्या माणसाला यावरून त्यांच्या नजरेचा अंदाज येईल.

थोरली नववीत होती, धाकटी सातवीत. दोघींचे नंबर दर खेपेला चढत होते, आणि पुढं काय वाढून ठेवलंय ते बापाला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, पोरींना रोज उन्हात खेळू द्या, लांबचं बघू द्या, त्यानं नंबर जरा दमानं वाढतो. त्यांना ते पटेना. "मी जल्मभर उन्हातच हाय की. मग माझं असं कसं झालं?" डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं. ते ऐकून ते आणखीच खचले.

मग मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात नव्या थेंबांची चाचणी निघाली. त्या थेंबांनी नंबर वाढायचा थांबतो का, ते बघायचं होतं. दोन्ही पोरींना त्यात घेतलं. प्रत्येकीची बाटली वेगळी. काही मुलांच्या बाटलीत औषध, काहींच्या बाटलीत नुसतं पाणी, आणि कोणाला काय मिळालंय ते तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नसायचं. हे समजलं त्या दिवशी ते दुकानात येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला.

"भाऊ, तुमी तर डोळ्याच्याच धंद्यातले. बाटली बघून कळंल का?"

"मलाच काय, कोणालाच नाही कळायचं."

"म्हंजे एकीच्या डोळ्यात औषध अन् दुसरीच्या डोळ्यात पाणी. अन् ते मी माझ्या हातानं घालायचं?"

घरी जाऊन त्यांनी आपल्या मनानं मार्ग काढला. एक दिवस जिची बाटली तिलाच, दुसऱ्या दिवशी हिची तिला नि तिची हिला. जे काय असेल ते दोघींत निम्मं निम्मं. पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या बाईंनी "थेंब नीट घालता ना?" असं विचारलं, तेव्हा हे त्यांनीच कौतुकानं सांगून टाकलं. आपण लपवण्यासारखं काही केलंय, असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्याच दिवशी दोन्ही पोरी चाचणीतून बाद झाल्या आणि बाटल्या परत घेतल्या गेल्या. ते थेंब तेव्हा औषधांच्या दुकानात कुठंच मिळत नव्हते.

बाद करणाऱ्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही, हे मला कळतं. तरी मला त्या माणसाचा राग आला, त्या नियमाचाही आला, आणि दोन्ही राग अजून गेलेले नाहीत. तुम्हाला दोन मुली असत्या तर तुम्ही काय केलं असतं? मी तर तेच केलं असतं.

ते परत आले, पण दुकानात बसेचनात. "तुमी फोन करा भाऊ. म्हणावं, चूक बापाची हाय, त्याला काय करायचं ते करा. पोरींचं नाव यादीतून नका काढू." मी फोन केला. पलीकडच्या बाई चांगुलपणानं बोलल्या, पण नाही म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी पोरींची शाळाच सोडवली. आता उरलं होतं ते फक्त ऊन. ते कोणी परत घेणार नव्हतं. पुस्तकं पेटीत गेली आणि दोघी दिवसभर शेळ्यांमागं. थोरलीला नर्स व्हायचं होतं. मी त्यांच्यावर चिडलो, तर म्हणाले, "शिकून काय बघंल ती, डोळेच न्हाई राहिले तर?"

मग ते यायचेच बंद झाले. पोरींचे तयार चष्मे माझ्या खणात पडून राहिले. एका शाळेत डोळे तपासायला पालमला जाणं झालं, तेव्हा चष्मे खिशात टाकून तसाच त्यांच्या गावी गेलो. ते माळावर भर उन्हात बसले होते. मी न बोलता पार समोर जाऊन उभा राहिलो, तरी त्यांना पत्ता नाही. डावा डोळाही गेला होता.

धाकटी शेळ्या वळवायला लांब गेली होती. थोरली त्यांच्या पाठीला पाठ लावून बसली होती, आणि तिनं शाळेचं पुस्तक अगदी नाकाला टेकवलं होतं. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"काय करायलीस गं?" त्यांनी विचारलं.

"शेळ्या बघायले, आबा."

"बघ. लांब लांब बघत जा," ते म्हणाले, आणि समाधानानं मान हलवली.

तिनं आवाज न होऊ देता पान उलटलं.