कुंकू लावलेली घरपट्टी

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली आहे. कोणता कागद घरात कुठे आहे, ते तिच्यात लिहिलेलं असतं. पहिलीच ओळ होती : ‘आईंचे कागद – निळी पिशवी – माळा.’

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या विठ्ठलवाडीला चाळीतल्या खोलीत एकट्या राहतात आणि त्यांचे कागद बदलापूरला, मांजर्लीत, माझ्याकडे. कारण धाकट्या मुलाच्या हातात दिलेली वस्तू परत दिसत नाही, हे त्यांना त्याच्या शाळेच्या दिवसांपासून ठाऊक आहे.

त्या पावसाळ्यात नदी आमच्या तळमजल्यात शिरली. शेगडीपर्यंत पाणी आलं. गाद्या गेल्या, मिक्सर गेला, नवऱ्याने ‘नंतर बघू’ म्हणून पलंगाखाली सरकवलेलं सगळं गेलं. माळ्यावरच्या निळ्या पिशवीला मात्र ओल लागली नाही. चिखल उपसून झाल्यावर मी यादीवर बरोबरची खूण केली आणि मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

आठवड्याने दीर आले. ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका जीन्सच्या कारखान्यात देखरेखीला आहेत. तिथल्या शेठने फोनवर कागद स्कॅन करायचं एक अ‍ॅप त्यांना शिकवलं होतं. देव भेटलेला माणूससुद्धा इतकं बोलत नाही.

“वहिनी, आजकाल कागद कोण ठेवतं? आमच्या शेठचं पूरा ऑफिस मोबाइलमध्ये आहे. एक क्लिक, बस. पूर आला तरी टेन्शन नाही.”

“पूर आला होता, भावजी. कागद कोरडे आहेत.”

“या वेळी कोरडे राहिले. पुढच्या वेळी? अ‍ॅप स्वतः ओळखतं कुठला कागद आहे. स्वतः फोल्डर करतं. तुमची ती कपाटावरची यादी पण काढून टाका.”

नवरा म्हणाला, “दे ना, एवढं म्हणतोय तर.” माझा नवरा कुठल्याही बाबतीत एवढंच म्हणतो. मी पिशवी दिली.

दहा दिवसांनी दिरांचा मेसेज आला, ‘डन’, आणि खाली एक लिंक. मी उघडून पाहिलं. अ‍ॅपने स्वतःच्या अकलेने कागद लावले होते. माझ्या लग्नाची पत्रिका ‘ओळखपत्रे’मध्ये. सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला ‘प्रवास’मध्ये, आणि यात अ‍ॅपला काही कळलं असेल असं मी मानत नाही. बाकी सगळं ‘इतर’मध्ये, ‘स्कॅन १’, ‘स्कॅन २’ अशा नावांनी. चार पानांवर दिरांचा अंगठा आला होता, एका पानावर त्यांच्या चहाचा कप. आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला याहून नीट काम करतो आणि तेही समोरच्या दुकानदाराशी भांडता भांडता. तरीही मी यादीत लिहिलं, ‘स्कॅन झाले.’ मूळ कागद परत आले का, हा रकाना कोरा ठेवला. ही चूक माझी.

गणपतीनंतर सासूबाईंच्या चाळीत बिल्डरची माणसं आली. चाळ पाडून इमारत होणार होती आणि ज्याच्याकडे खोलीचा जुना पुरावा, त्यालाच नव्या इमारतीत घर. पुरावा म्हणजे सासऱ्यांच्या नावाची घरपट्टीची जुनी पावती. मुदत आठ दिवसांची. पावती नाही तर सासूबाईंचं नाव बिल्डरच्या यादीत नाही आणि नाव नाही तर त्यांच्या डोक्यावर छप्पर नाही. त्या खोलीत त्या लग्न होऊन आल्या होत्या. माझ्याकडे येऊन राहायला त्या तयार नाहीत. दिराकडे जायचं तर त्यापेक्षा विठ्ठलवाडीच्या बस डेपोत पथारी टाकीन, असं त्या त्याच्या तोंडावर म्हणाल्या आहेत.

मी अ‍ॅपमध्ये ‘घरपट्टी’ शोधलं. एका साडीच्या दुकानाचं बिल निघालं. शेवटी ‘इतर’मधलं एकेक पान उघडत गेले. पावती सापडली. मालमत्ता क्रमांकाच्या जागी बटणाएवढा काळा डाग होता.

तो डाग कुंकवाचा होता. आमच्याकडे दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर घरचे महत्त्वाचे कागदही पाटावर मांडतात आणि सासूबाई प्रत्येकाच्या डोक्यावर हळद-कुंकू लावतात. कागदाचं डोकं म्हणजे वरचा कोपरा आणि पालिका नंबरही तिथेच लिहिते. इतक्या दसऱ्यांचं कुंकू एकावर एक बसलं होतं. मूळ पावती उजेडासमोर धरली की नंबर वाचता यायचा. पण भावजींनी ‘कागद स्वच्छ दिसावा’ म्हणून सगळं काळं-पांढरं करणारं बटण दाबलं होतं. हळद उडाली, कुंकवाचं डांबर झालं.

मी त्यांना फोन लावला.

“भावजी, मूळ पावती घेऊन आजच विठ्ठलवाडीला या.”

“मूळ कशाला? स्कॅन आहे ना.”

“मूळ कुठे आहे?”

ते मशिनांच्या घरघरीवरून ओरडले. “विसर्जन केलं.”

“काय केलं?”

“मग रद्दीत देणार होतो का, वहिनी? आईने प्रत्येकावर हळद-कुंकू लावलेलं. पाप लागलं असतं. बदलापूरला आलो तेव्हा जुन्या तसबिरींबरोबर नदीत सोडले. रीतसर. फूल पण वाहिलं.”

नदी घरात येऊनही जे नेऊ शकली नाही, ते हा माणूस रिक्षाने तिला पोचवून आला होता. फुलासकट. मी फोन ठेवला, कारण दिराला जे बोलता येत नाही तेवढंच माझ्या तोंडात येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेत गेले. कारकून म्हणाला, “पावतीऐवजी उतारा मिळेल. नंबर सांगा.” नावावरून शोधा म्हटलं, तर हसला. “मॅडम, एका आडनावाची अख्खी चाळ आहे तुमची.” कपाटावरची यादी मी जिच्यातून उतरवते, ती वही उघडली. वहीत आईंच्या पिशवीचा रंग होता, जागा होती, माळ्यावरच्या कुठल्या बाजूला तेही होतं. नंबर नव्हता. इतकी वर्षं मी पिशवी सांभाळत होते, आतला कागद नाही. भावजींना नावं ठेवताना हेही लिहिलं पाहिजे.

तिथून विठ्ठलवाडीला गेले. दीर आधीच येऊन खाटेवर बसले होते आणि फोनवर बोटांनी तो डाग मोठा करून बघत होते, जणू डाग मोठा केला की त्याच्या आतून नंबर बाहेर येईल.

“एआय आहे त्यात,” ते म्हणाले. “डाग काढतं. थोडा टाइम द्या.”

“तू पण मावतोस का त्यात?” सासूबाईंनी विचारलं. “डाग म्हणून तुलाच काढलं असतं.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सूनबाई, नंबर कसला पाहिजे? घराचा?”

“हो आई. घरपट्टीचा.”

“तो कागदावर कशाला बघताय? पालिकेची माणसं दारावर बिल्ला ठोकून गेली होती. तुझे सासरे तेव्हा होते.”

दाराच्या चौकटीवर, वरच्या बाजूला, पत्र्याची चौकोनी पट्टी होती. मी वर्षानुवर्षं तिच्याखालून ये-जा केली आहे. तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थर होते, कारण दर दोन दिवाळ्यांनी हे दीर दार रंगवायचे आणि बिल्ल्याला वगळून ब्रश फिरवण्याइतका धीर त्यांना कधी नव्हता. सासूबाईंनी उलथनं आणलं. मला स्टुलावर चढू दिलं नाही. स्वतः चढल्या, स्टूल मी धरलं आणि त्या खरवडू लागल्या. हिरवे पापुद्रे माझ्या डोक्यावर पडत होते. खाटेवरून आवाज आला, “आई, जपून, नंबर जाईल.”

“तू गप बस. तू नदीला जा.”

नंबर निघाला. ठोकून उमटवलेला होता, रंगाने त्याचं काही बिघडलं नव्हतं. मी तो वहीत दोनदा लिहिला, मग सासूबाईंकडून वाचून घेतला. तीन दिवसांनी उतारा हातात आला आणि मुदतीच्या आदल्या दिवशी सासूबाईंचं नाव यादीत चढलं. दिरांनी लगेच यादीचा फोटो काढला. तो ‘प्रवास’मध्ये गेला.

दसऱ्याला आम्ही सगळे विठ्ठलवाडीला जमलो. पाटावर उतारा ठेवला तेव्हा मी सासूबाईंचा हात धरला. “आई, मागच्या बाजूला. कोरं आहे तिथे.” त्यांनी उतारा उलटा केला आणि मागे लावलं. त्याच्या शेजारी दिरांनी आपला फोन मांडला होता. सगळे कागद यातच आहेत, म्हणाले, यालाही लाव. सासूबाईंनी फोन हातात घेतला, पालथा केला आणि चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, नेमकं कॅमेऱ्यावर.