बरणीतला नाग

माझा धाकटा भाऊ सुदर्शन बिडकीनजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे, पण गावाला तो सर्पमित्र म्हणूनच ठाऊक. कुणाच्या घरात साप निघाला की हा भरल्या ताटावरून उठून पळणार. नाग धरताना त्याचा हात इतका स्थिर, की बघणाऱ्याला वाटावं, याला भीती कशाशी खातात तेच माहीत नाही.

आम्हा घरच्यांना विचारा. साप निघाल्याचा फोन चार दिवस आला नाही की साहेब अंगणात येरझाऱ्या घालणार. छातीत धडधड, तळहाताला घाम, झोपेचं खोबरं. शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं. हृदय ठणठणीत निघालं. ते म्हणाले, "धडधड आतलीच आहे. साप समोर असला की तिला कारण मिळतं, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. पण दर वेळी शरीराला तीच चटक लागते. काही दिवस साप बंद." त्याच्या बायकोनं, अपेक्षानं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्याला तशी शपथच घ्यायला लावली.

नागपंचमीसाठी मी आदल्या दिवशीच माहेरी आले. त्या दिवशी भावासाठी उपवास धरलेला, म्हणून पलंगाखालचा भगरीचा डबा ओढायला गेले, तर हाताला झाकणाला भोकं पाडलेली बरणी लागली. आत नाग!

मी अशी भडकले! "अरे, पोरगी याच पलंगावर झोपती! अक्कल गहाण टाकली का?"

तो ओशाळला. "शपथ मोडली नाय, आक्का. आधी धरलेलाच हाय, सोडला नाय इतकंच. ह्यो घरात असला की भ्यायला कायतरी खरं असतं. मग झोप लागती."

माझा राग तिथेच गळाला. अपेक्षा पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता हा जाईल, नायतर मी."

सुदर्शननं त्याच्या सापवाल्या दोस्ताला, रिझवानला, फोन लावला. रिझवान आला आणि नाग रानात सोडायला घेऊन गेला. सुदर्शन त्याच्यामागं निघाला, तसा मी त्याचा दंड धरला. गाडीचा आवाज लांब गेला आणि तो पायरीवर मटकन बसला. गावानं ज्याला कधी भ्यालेलं पाहिलं नाही, तो म्हणाला, "लई भेव वाटतंय. कशाचं, तेच कळंना."

अपेक्षानं पोरीला त्याच्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसली.

"वाटू द्या," ती म्हणाली. "मी हाय इथंच."