पर्सी ट्रिंडरचे नाव आणि हेस्टरचा ब्रश

हेस्टर ॲन ट्रिंडर. जन्म १८९४, मृत्यू १९७१. दोन्ही इंग्लंडातल्या नेदरकोट गावी, एकाच घरात.

नेदरकोटच्या चर्चच्या आवारात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांच्या स्मरणार्थ दगडी क्रूस उभारला आहे. नावे हुद्द्याने नव्हे, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने कोरलेली. त्यामुळे जमीनदाराचा मुलगा मध्येच कुठेतरी आणि हेस्टरचा धाकटा भाऊ पर्सी सर्वांत खाली, गुडघे टेकल्यावर हाताशी येईल असा. पर्सीचा देह फ्रान्सच्या चिखलातून कधीच हाती लागला नाही. हेस्टरच्या लेखी तो दगड हीच त्याची कबर आणि तेच त्याचे घर.

आणि घर म्हटले की दाराची पायरी आलीच. नेदरकोटात बाईची पत तिच्या पायरीवरून ठरत असे. शनिवारी स्वतःची पायरी घासून पांढरीशुभ्र केली की हेस्टर तीच बादली, धुण्याचा सोडा आणि ताठ केसांचा तोच ब्रश घेऊन क्रुसाकडे जाई. शेजारीण डॉली फाउलर कुंपणावरून चिडवी, "हेट्टी, तुझा पर्सी जिवंतपणी कधी एवढा स्वच्छ नव्हता गं!"

"म्हणूनच तर! शनिवारची आंघोळ चुकवून ओढ्यावर पळायचा लबाड. आता पळतोय कुठं?"

सगळी नावे ती एकेकदा घासे. पर्सीचे मात्र पुनःपुन्हा. घासताना त्याच्याशी बोले. पाद्रीसाहेबांच्या बागेतले आलुबुखारे यंदाही पिकलेत, चोरायला कोणी उरले नाही, असे काहीबाही. ओढ्याच्या वाटेने शीळ घालत येणारा पर्सी तिला तेवढ्यापुरता ऐकू येई.

नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनी पाद्रीसाहेब दगडाकडे पाहूनच नावे उच्चारत. हाती कागद धरणे गावाला कमीपणाचे वाटे. जुन्या पाद्रीसाहेबांना ती तोंडपाठ होती. ते निवर्तल्यावर तरुण लँगफर्ड आले. पहिल्याच वर्षी त्यांनी शेवटचे नाव म्हणून "जॉर्ज स्टायल्स" असे म्हटले आणि प्रार्थनेसाठी मान खाली घातली.

"एक राहिला," हेस्टर म्हणाली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"कोण राहिला, मिस ट्रिंडर?"

"माझा भाऊ. तळाला बघा ना."

लँगफर्ड वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. "क्षमा करा, बाई. इथं मला काहीच दिसत नाही."

आजवर त्या जागी आपण जे वाचत होतो ते खरे तर आठवणीतले होते, हे तिला तेव्हा उमगले. दुसऱ्या दिवशी तिने पाथरवट जेबेझ हेन्सला बोलावले. मूळची अक्षरे त्याच्या वडिलांनी कोरली होती. त्याने पर्सीच्या नावाच्या जागेवरून अंगठा फिरवला.

"पावसानंच केलं ना रे हे?"

"पाऊस काय तळालाच पडतो, हेट्टी? वरची नावं बघ, कशी धडधाकट आहेत. आपल्या टेकडीचा दगड म्हणजे लोणी. त्याला..." बोलता बोलता तो थांबला. त्याची नजर तिच्या बादलीवर गेली होती.

"म्हणजे मीच."

"तुझ्या पायरीलाही खळगा पडलाय गं," तो हळूच म्हणाला.

तिने ॲप्रनला हात पुसले. कोरडे होते तरी पुसले. "पुन्हा कोरशील?"

"कोरतो की. चांगलं खोल कोरतो. पण तो ब्रश इकडं दे."

"आणि शेवाळ चढलं तर?"

"चढू दे. बाहेर हुंदडणाऱ्या पोरांच्या अंगाला माती लागायचीच."

तिने ब्रश त्याच्या हाती दिला.

पुढे प्रत्येक शनिवारी ती रिकाम्या हातांनी जाई आणि पर्सीच्या अंगावर चढणारी हिरवी झाक पाहत उभी राही. तिचे ओठ हलत. डॉलीने मग तिला कधी चिडवले नाही.

हेस्टरच्या पश्चात ग्रामसभेने ठराव केला, की क्रुसाला ब्रश लावू नये. धुवायचेच झाल्यास साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. आज त्या दगडावर पर्सीचे नाव सर्वांत ठसठशीत आहे. हेस्टरच्या स्वतःच्या शिळेला तिच्या इच्छेनुसार कोणी हात लावत नाही. त्या शिळेवर पिवळी दगडफुले चढली आहेत. हेस्टरचा ब्रश शेवटपर्यंत जेबेझच्या कामाच्या खोलीत खिळ्याला लटकत होता. तो परत करायचा राहिला.