मदतीला येणारे पाहुणे

आयर्लंडमधल्या मेनूथला आंतरराष्ट्रीय विकास हा विषय शिकायला गेले, तेव्हा वर्गात माझ्या शेजारी मलावीच्या आरोग्य खात्यातल्या एक अधिकारी बसायच्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायला लागले. अर्थ समजल्यावर त्यांनी तो हक्कच मानला. माझा डबा उघडला की न विचारता पोळी उचलायच्या. मग मी पोळ्या जास्तच नेऊ लागले.

एकदा सरांनी वर्गातच लुटुपुटूची परिषद भरवली. गरीब देशाचा आरोग्यमंत्री झाला जवळच्याच मीथ परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याच वर्गातला. बाकीचे आम्ही मदत देणारे श्रीमंत देश. ताईसुद्धा त्यातच. मला वाटलं, निदान या तरी त्या पोराला सांभाळून घेतील.

"तुमची लसीकरणाची योजना फारच छान आहे," ताई गोड आवाजात म्हणाल्या. "फक्त तुमचं आरोग्य केंद्र आम्हाला स्वतः बघायचंय. मंगळवारी येऊ?"

"मंगळवारी दुसऱ्या देशाचे लोक येतायत."

"मग बुधवारी."

"बुधवारी आणखी कुणी. तुम्ही त्यांच्याबरोबरच या ना!"

"तसं नाही जमणार. आमचे नियम वेगळे आहेत."

मंत्र्याने डोक्याला हात लावला. "अहो, तिथे नर्स एकच आहे! ती तुम्हाला केंद्र दाखवत फिरली, तर पोरांना लस कोण टोचणार?"

वर्ग खो खो हसला. ताई तर इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. "ही वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय," त्या म्हणाल्या. "म्हणायची संधी आज मिळाली."

नंतर आम्ही दोघी आणि तो मंत्री झालेला मुलगा चहा घेताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "पाहुणे वाईट नसतात गं. मनापासून मदत करतात. पण त्यांना 'आज नको' म्हणायची आमची ताकद नाही. आणि आम्ही शिकवलेल्या नर्सही शेवटी या श्रीमंत देशांतच येतात."

"मग तुम्हीपण राहा ना इथेच," शेतकऱ्याचा मुलगा अगदी मनापासून म्हणाला.

"मी राहिले, तर तिकडे पाहुण्यांशी भांडणार कोण?"

त्या खरंच परत गेल्या. मी डब्लिनमध्ये एका मदत संस्थेत नोकरीला लागले, म्हणजे पाहुण्यांच्याच बाजूला. परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चष्मा नवीन होता, आवाज तोच.

"ऐक, सगळ्या पाहुण्यांना एका टेबलाशी बसवलं! आता केंद्र बघायला सगळे एकाच दिवशी जातात, एकाच गाडीतून."

"सगळे?"

"दोघं अजून रुसलेत."

कोण, ते त्यांनी सांगितलं. त्यातल्या एका संस्थेच्या इथल्या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या निघाल्या. फोन ठेवला आणि त्या बाईंना लगेच कॉफीला बोलावलं.