दुष्काळात थंडी चालत नाही

आमच्या गल्लीत मला सगळे 'दर्याचा डॉक्टर' म्हणत. समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर मी काम करतो, हे सांगून सांगून तोंड दुखलं. "पाण्याचंच शिकलास न्हवं, मग अहमदपूरला का पाणी न्हाई?" असं वर विचारायचे. कपाळ माझं!

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. टँकरवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवलं, आत पाणी होतं तेवढंच. टँकरही तीन दिवसांतून एकदा, मनाला येईल तेव्हा यायचा. म्हणून माणसांऐवजी घागरीच रांगेत ठेवायच्या. टँकर आला की ज्यानं त्यानं आपली घागर पुढं सरकवायची. नाही सरकवली की बाया ती उचलून मागं ठेवायच्या.

आईचे गुडघे धरलेले. मी आठ दिवसांच्या रजेवर आलो होतो. म्हटलं, नंबराला मी बसतो.

खिशात जपानहून आलेलं पत्र होतं. तिकडं शिकायला होतो तेव्हा हायकू, म्हणजे पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळींची कविता, लिहायची खोड लागली, तीही जपानीतच. तिथले गुरुजी अजून टपालानं तपासून देत. हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो, आणि शिस्तीत एकच. मी लिहिलं होतं आईवर. दुष्काळात टँकरच्या वाटेकडं डोळे लावून, थंडीत शाल गुंडाळून बसलेली. गुरुजींनी 'दुष्काळ' आणि 'थंडी' दोन्हींना लाल गोल केला होता. दुष्काळ उन्हाळ्याचा, थंडी हिवाळ्याची. एक काढा.

अहो, काय काढा? मार्गशीर्षात दात वाजत होते आणि रांजणाला तळ दिसत होता. या माणसाला कसं सांगू? डोकं फिरलं. तिथंच घागरीशेजारी बसून बोटांवर पाच-सात-पाच मोजत सुटलो, टँकर आला तरी.

"ओ डॉक्टर, घागर सरकवा की!" शेजारच्या काकू ओरडल्या. मी हात वर केला. थांबा, दोनच अक्षरं कमी पडताहेत. कोण थांबतंय? भानावर आलो तेव्हा आईची घागर सगळ्यात मागं होती आणि टँकर भोंगा वाजवत निघाला होता.

रिकामी घागर घेऊन घरात आलो. लाज वाटली, खरं ते सांगितलं.

"ध्यान कुठं होतं रं तुझं?" आई एवढंच म्हणाली. काकूंनी कळशीभर पाणी दिलं. त्यावर आम्ही तीन दिवस काढले. त्यातही आईनं मला सकाळ-संध्याकाळ चहा केला आणि स्वतः "मला नको आज" म्हणाली.

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत दार करकरलं. बघतो तर आई शाल गुंडाळून, घागर कडेवर घेऊन, भिंत धरत निघालेली.

"आई, मी जातो ना!"

"नको बाबा. तू घरातच बस लिहीत."

मी मागोमाग गेलो. ती घागरीजवळ फतकल मारून बसली होती, थंडीनं हनुवटी थरथरत होती. घागरीला मी हात लावला, तर तिनं तो हळूच बाजूला केला.