आत्याबाईच्या पोटातला गोळा

आत्याबाई, माही सासू, तापानं गेल्या. विहिरीनं नाही. हे मले आधी सांगू द्या, कारन मागच्या साली गावातल्या बाया विहिरीचंच बोलून राह्यल्या होत्या, अन् मीबी पोरीले कडेवर घेऊन दिवसभर आत्याबाईच्या मागंमागं फिरे... भेव वाटे.

झालं असं का, भाजीच्या वाफ्यात राबनारी बाई एकदम बसली. खानं नाही, झोप नाही, वेनीफनी नाही. इचारलं का म्हनत, "पोटात गोळा हाय वो." बीबी गावच्या डॉक्टरनं पोटाचं औषध देलं, काही फरक नाही. माहे मालक म्हनत, "वय झालं तिचं, तुले काऊन एवढी धाकधूक?" पन लोणारले नवा डॉक्टर आला होता. रडूनरडून मी एस्टीनं तिथं न्यायले लावलं.

डॉक्टर इचारे आत्याबाईले, अन् उत्तर देत माहे मालक. झोप? "लागते." भूक? "हाय." आमच्यात पोरगा बसला असला का माय तोंड उघडत नाही. डॉक्टर म्हने, "दादा, पोट तुमचं दुखते का आईचं? जा, बाहेर पान खाऊन या." मंग त्यानं सरळ इचारलं, "आजी, जीव द्यावा वाटते का?" माह्या अंगावर काटाच आला, असं कोनी इचारते का! आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. "हाव... वाटते."

"अन् गोळा केवढा हाय?"

"कोहळ्याएवढा."

डॉक्टर मले म्हने, हे म्हातारपन नाही, मनाचं दुखनं हाय, औषधानं बरं होते. गुन उशिरा येईन, तरी औषध सोडू नको, एकटं ठेवू नको, अन् रोज सकाळी इचार, गोळा केवढा.

रोज इचारलं. कितीक दिवस कोहळंच. मले वाटे, डॉक्टरनं फसवलं. मंग एक दिवस म्हनाल्या, "वांग्याएवढा... भरताच्या वांग्याएवढा, बरं का," अन् माह्या कडेवरून पोरगी घेतली. हिवाळ्यात बोराएवढा झाला. वाफ्यात येऊन मले म्हनतात, "अशी मेथी खुडतात का वो? माहेरी काय बकऱ्याइनं शिकवलं?" बोलनं खाऊन एवढं बरं मले कधीच वाटलं नव्हतं.

यंदा ताप छातीत उतरला. शेवटच्या सकाळीबी मी इचारलं. आत्याबाईनं मान हलवली. "आज नाही वो... काहीच नाही."

त्याइची खाट अजून तिथंच हाय. चूल पेटवली का तोंडातून निघूनच जाते, "आत्याबाई, आज केवढा?" काल पोरगी माह्याकडं पाहून म्हने, "माय, तुह्या पोटात केवढा?"

मी म्हनलं, कोहळ्याएवढा.

पोरगी आजीच्या खाटेवर चढून बसली. "मंग मी उद्याबी इचारीन."